बिडाच्या जुन्या लाइनीला प्लॅस्टिकचा जोड : पार्श्वभूमी

मुंबईच्या गिरगाव, परळ, दादर भागांतील जुन्या इमारतींच्या मागच्या बाजूला सांडपाण्याच्या बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) लाइनीत मध्येच एखाद्या मजल्यापुरता राखाडी पीव्हीसीचा तुकडा दिसतो. गळती बहुधा त्या तुकड्याच्या टोकांशीच सुरू होते, आणि तिचे मूळ प्लंबरच्या हलगर्जीपणापेक्षा जोडकामाच्या इतिहासात अधिक आहे.

बिडाच्या पाइपचा जोड शिशाचा असे. वरच्या पाइपचे टोक खालच्याच्या सॉकेटमध्ये (रुंद तोंडात) बसवून भोवतीच्या फटीत तागाचा दोर ठासायचा, त्यावर वितळलेले शिसे ओतायचे आणि निवताना ते आकसते म्हणून छिन्नीने पुन्हा ठोकून घट्ट करायचे, अशी ती रीत होती. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. बिडाला त्या उष्णतेने काही होत नाही. पीव्हीसी मात्र ८० अंशांच्या आसपासच मऊ पडते.

ही दोन द्रव्ये एकाच लाइनीत येण्याला भाडे नियंत्रणाचाही हातभार लागला. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. मालकाला दुरुस्ती परवडेना, आणि सगळी उभी लाइन एकदम बदलण्याऐवजी ज्याचे न्हाणीघर गळते त्याने आपल्यापुरते काम करून घ्यावे, अशी पद्धत पडली. दरम्यान, आधी शेतीच्या पाण्यासाठी खपलेले पीव्हीसी पाइप इमारतींतही आले आणि १९९२ मध्ये घरातील सांडपाण्याच्या पीव्हीसी पाइपांसाठी आयएस १३५९२ हे स्वतंत्र भारतीय मानक निघाले.

पीव्हीसीचे आपसांतले जोड सॉल्व्हेंट सिमेंटने (प्लॅस्टिक विरघळवून चिकटवणाऱ्या द्रवाने) किंवा रबरी रिंगने होतात. बिडाला सॉल्व्हेंट चिकटत नाही आणि पीव्हीसीभोवती शिसे ओतता येत नाही. म्हणून कारागिरांनी शिशाच्या जागी साधे सिमेंट भरले, आणि माझ्या मते सगळे नुकसान या एका सवयीने केले. गुळगुळीत पीव्हीसीला सिमेंट धरत नाही. शिवाय पीव्हीसी बिडाच्या पाच-सहा पटींहून अधिक प्रसरण पावते : तापमानात ३० अंशांचा फरक पडला, तर तीन मीटरचा पाइप सुमारे सहा मिलिमीटर वाढतो, बीड जेमतेम एक. रोजच्या या हालचालीने सिमेंटला केसासारखी भेग पडते, तिच्यात ओल राहते आणि तिथेच पिंपळ रुजतो.

यावरचा योग्य उपाय म्हणजे दोन्ही पाइपांच्या बाहेरच्या मापांना बसणारे रबरी कपलिंग (जोडनळी), स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्यांनी आवळलेले. बिडाचे माप पूर्वापार आतल्या व्यासावरून आणि पीव्हीसीचे बाहेरच्या व्यासावरून सांगतात, त्यामुळे ‘चार इंची’ एवढे सांगून दुकानातून कपलिंग आणू नये. कापलेल्या टोकाचा बाहेरचा घेर मोजूनच ते घ्यावे. कापण्यापूर्वी वरची बिडाची लाइन भिंतीला क्लॅम्पने पक्की धरावी लागते, कारण तिचे वजन आजवर खालचा पाइप पेलत आलेला असतो आणि पीव्हीसीचा तुकडा ते पेलण्यासाठी बनलेला नाही.