कौटुंबिक हिंसा-प्रतिबंध आणि मानसिक आरोग्य : ब्रिटनमधील दक्षिण आशियाई समाज

ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या दक्षिण आशियाई कुटुंबांतील हिंसा रोखण्यासाठी समुपदेशन, निवारा, कायदेशीर मदत व मानसिक आरोग्यसेवा यांची सांगड घालणारे कार्य. त्याचा आरंभ सामान्यतः १९७९ मध्ये लंडनच्या साउथॉल भागात स्थापन झालेल्या ‘साउथॉल ब्लॅक सिस्टर्स’ या संस्थेपासून धरतात.

किरणजित अहलुवालिया खटल्याने या विषयाला कायद्याच्या चर्चेत आणले. सुमारे दहा वर्षांच्या छळानंतर १९८९ मध्ये त्यांनी झोपलेल्या पतीला पेटवले. तो मरण पावला व त्यांना खुनाबद्दल जन्मठेप झाली. हा खटला ‘छळग्रस्त स्त्री लक्षणसमूहा’ला (दीर्घकाळच्या छळाने स्त्रीच्या मनावर होणाऱ्या परिणामांच्या संचाला) मिळालेली मान्यता म्हणून पुष्कळदा सांगितला जातो. हे तितकेसे बरोबर नाही. १९९२ च्या अपिलात चिथावणीचा बचाव टिकला नाही. मूळ खटल्यात पुढे न आलेला नैराश्याचा पुरावा ग्राह्य धरून दोषसिद्धी रद्द झाली. त्याच वर्षी मानसिक विकारामुळे जबाबदारी क्षीण झाल्याच्या आधारावर सदोष मनुष्यवधाची कबुली मान्य झाली आणि त्यांची सुटका झाली.

या लक्षणसमूहाची मांडणी करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ लिनोर वॉकर यांनी ‘शिकलेल्या असहायते’वर, म्हणजे वारंवारच्या छळाने सुटकेचा प्रयत्नच सोडून देण्यावर, भर दिला होता. गोंडॉल्फ व फिशर या संशोधकांनी १९८८ मध्ये उलट मत मांडले: स्त्रिया वारंवार मदत मागतात, कमी पडते ती मदत देणारी यंत्रणा. जिचा व्हिसा पतीवर अवलंबून आहे आणि जिला सरकारी आर्थिक साहाय्य बंद आहे, तिच्या बाबतीत हे दुसरे मत अधिक पटते. तिच्या भीतीला केवळ आजार ठरवणे अन्यायाचे होईल.

आजाराचा निकष पुढेही आड आला. एका आत्महत्येच्या प्रकरणात २००६ मध्ये अपील न्यायालयाने, निदान झालेला मनोविकार नसेल तर नुसता मानसिक त्रास ‘शारीरिक इजे’त मोडत नाही, असे ठरवले. २०१५ च्या गंभीर गुन्हे अधिनियमाच्या कलम ७६ ने घरातील सततचे नियंत्रण व दहशत हा स्वतंत्र गुन्हा केला. दैनंदिन जीवनावर ठळक परिणाम करणारी तीव्र भीती किंवा क्लेशही त्यास पुरतो. वैद्यकीय निदान लागत नाही.

प्रत्यक्ष कामात डॉक्टरांनी रुग्ण स्त्रीशी एकांतात बोलणे आणि नातेवाइकाऐवजी त्रयस्थ दुभाषा घेणे महत्त्वाचे ठरते. सासू वा पती दुभाषा असेल, तर निद्रानाशामागची मारहाण उघड होत नाही. २०१२ पासून जोडीदाराच्या व्हिसावरील पीडितांना तीन महिन्यांसाठी सरकारी साहाय्याचा हक्क मागता येतो.