कोळसा उशाला, पण पाण्याचं काय? नागपूरच्या विजेची पार्श्वभूमी

कामठी-सिल्लेवाडा पट्ट्यातला कोळसा जवळ, म्हणून १९७०च्या दशकात नागपूरजवळच्या कोराडीत औष्णिक वीज केंद्र उभं राहिलं. कोळसा दूरवर वाहून नेण्यापेक्षा वीज तारांनी पाठवणं परवडतं. सुरुवातीचे वीजनिर्मिती संच १२० मेगावॅटचे होते, आजचे मोठे संच ६६० मेगावॅटचे आहेत.

असा एक संच पूर्ण भाराने चालला की दिवसाला सुमारे १० हजार टन कोळसा खातो. आपल्या कोळशात राखच ३५-४० टक्के, म्हणजे साडेतीन-चार हजार टन राख रोज उरते. पावसाळ्यात ओला कोळसा चिकट होऊन बंकरच्या, म्हणजे कोळशाच्या साठवण टाकीच्या, तोंडाशी अडकतो, कोळसा दळणाऱ्या मिलमधून भुकटी नीट निघत नाही, आणि ज्वाला टिकवायला तेल जाळावं लागतं.

खरी अडचण मात्र पाण्याची. टर्बाइनमधून बाहेर पडलेली वाफ कंडेन्सरमध्ये थंड करावी लागते आणि त्यासाठी फिरवलेल्या पाण्यातलं काही पाणी कूलिंग टॉवरमधून वाफ होऊन उडून जातं. विजेच्या एका युनिटमागे ३ ते साडेतीन लिटर धरले, तरी एका संचाला रोज पाच कोटी लिटर लागतात. पेंच धरणाचं पाणी शेतीला, शहराला आणि वीज केंद्रांना, सगळ्यांनाच हवं.

म्हणून नागपूरच्या भांडेवाडीत शहराचं सांडपाणी शुद्ध करून ते कोराडी केंद्राला देण्याची योजना आली, क्षमता रोज १३ कोटी लिटर. या शहराने केलेलं हे फार मोलाचं काम आहे. पण ते पाणी थेट चालत नाही. त्यातल्या फॉस्फेटने नळ्यांत क्षारांचे थर धरतात, अमोनिया तांबं-पितळ खातो. म्हणून आधी त्याची आणखी प्रक्रिया करावी लागते.

छतावरच्या सोलरला ही तहान नाही. ३ किलोवॅटला साधारण ३०० चौरस फूट सावली नसलेली जागा पुरते आणि दिवसाला सरासरी १२ युनिट मिळतात. पण मे महिन्यात पॅनल ६५ अंशांवर तापतं. २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशामागे उत्पादन ०.३५ ते ०.४ टक्के घटतं, म्हणजे भर दुपारी १५ टक्क्यांच्या आसपास फटका. धूळ बसली की आणखी घट. पॅनल पहाटेच धुवा, तापल्या काचेवर गार पाणी पडलं तर ती तडकू शकते.

आणि सात वाजता सूर्य गेला तरी घरोघरचे कूलर रात्रभर फिरत असतात. बॅटरीत दुपारची वीज पुरेशी साठेपर्यंत त्या वेळी कोराडीचे संच चालवावेच लागणार.