ऑम्लेट वातड का होतं?

ऑम्लेट दोन्ही हातांनी ताणायचं, ते तुटत नाही हे कॅमेऱ्याला दाखवायचं आणि 'बघा, प्लास्टिकचं अंडं!' असं जाहीर करायचं, असे व्हिडिओ अधूनमधून फिरत असतात. जोडीला कवचाच्या आतला पातळ पापुद्रा 'प्लास्टिकचा कागद' म्हणून सोलून दाखवतात. हा पापुद्रा प्रत्येक अंड्यात असतो, खरं तर एकाला एक चिकटलेले दोन असतात, आणि ते प्रथिनांच्या तंतूंचे बनलेले असतात. शिवाय रोजच्या वापरातलं बहुतेक प्लास्टिक तापवलं की मऊ पडतं. अंडं नेमकं उलट वागतं. पातळ असतं ते तापून घट्ट होतं आणि गार झालं तरी पुन्हा पातळ होत नाही. त्या व्हिडिओतलं ऑम्लेट वातड असतं हे मात्र खरं. ते वातड होतं आचेमुळे, आणि कसं होतं हे कळलं तर घरी मऊ ऑम्लेट करणं अजिबात अवघड राहत नाही.

अंड्याचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग पाणी असतो. १२-१३ टक्के प्रथिनं आणि १० टक्क्यांच्या आसपास स्निग्ध पदार्थ, तेही जवळपास सगळे पिवळ्या बलकात. म्हणजे चांगल्या जमलेल्या ऑम्लेटमध्येही बहुतांश पाणीच असतं, पण ते ताटलीत वाहत नाही. ते धरून ठेवण्याचं काम ती थोडीशी प्रथिनं करतात.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांबलचक साखळी, लोकरीच्या गुंड्यासारखी गुंडाळलेली. पांढऱ्या बलकातल्या प्रथिनांपैकी निम्म्याहून जास्त एकटं ओव्हाल्ब्युमिन असतं आणि त्याच्या साखळीत ३८५ अमिनो आम्लं असतात. साखळीतले पाण्याला टाळणारे भाग गुंड्याच्या आत दडलेले असतात. उष्णता मिळाली की गुंडाळी धरून ठेवणारे कमकुवत बंध सुटतात, गुंडा उलगडतो, आत दडलेले भाग उघड्यावर येतात आणि शेजारच्या साखळीला चिकटतात. अशा असंख्य साखळ्या एकमेकींना धरून जाळं तयार करतात आणि पाणी त्या जाळ्याच्या भोकांत अडकून राहतं. मऊ ऑम्लेट ते हेच.

आता आच तशीच चालू ठेवली तर काय होतं? नवे बंध तयार होत राहतात, जाळं आवळत जातं आणि भोकांतलं पाणी बाहेर पिळलं जातं. कडेला पाणी सुटून चरचर आवाज येऊ लागला की ओळखावं. मला या सगळ्या गोष्टीत सर्वांत आवडणारा भाग गंधकाचा आहे. ओव्हाल्ब्युमिनच्या प्रत्येक साखळीत चार ठिकाणी गंधक आणि हायड्रोजनचे मोकळे गट असतात. साखळी गुंडाळलेली असते तोवर ते आत दडलेले असतात. ती उलगडली की एका साखळीतलं गंधक दुसरीतल्या गंधकाला धरतं आणि डायसल्फाइड बंध तयार होतो. आधीच्या कमकुवत बंधांपेक्षा हा कितीतरी मजबूत. चार्ल्स गुडइयर यांनी रबरात गंधक घालून ते तापवण्याच्या प्रक्रियेचं पेटंट १८४४ मध्ये घेतलं, तिथेही रबराच्या साखळ्यांमध्ये गंधकाचेच पूल बांधले जातात. त्यामुळे जास्त शिजलेल्या ऑम्लेटला 'रबरी' म्हणणं रसायनशास्त्राच्या दृष्टीनेही फार चुकीचं नाही.

सगळी प्रथिनं एकाच तापमानाला उलगडत नाहीत. पांढऱ्यातलं ओव्होट्रान्सफेरिन ६० अंश सेल्सिअसच्या थोडं वर उलगडू लागतं, ओव्हाल्ब्युमिन मात्र ८० अंशांपर्यंत बरंचसं टिकून राहतं. फेटलेलं अख्खं अंडं साधारण ७३ अंशांना धरतं. म्हणजे ७३ ते ८० एवढीच आपली मोकळीक, आणि तापलेलं पॅन तर १५० अंशांच्याही वर सहज जातं. मोठ्या पॅनमध्ये पसरलेलं पातळ ऑम्लेट ही सात अंशांची वाट काही सेकंदांत ओलांडतं. म्हणून पॅन लहान घ्यावं आणि आच मध्यमहून थोडी कमी ठेवावी.

मीठ अंडी फेटतानाच घालावं आणि मिश्रण दहा-पंधरा मिनिटं तसंच ठेवावं. मिठानं अंडं चिवट होतं हा समज उलटा आहे. अंड्यातल्या बहुतेक प्रथिनांवर ऋण प्रभार असतो, त्यामुळे ती एकमेकांना दूर ढकलतात. मिठातले सोडियम आयन हा प्रभार झाकतात. मग प्रथिनं पूर्ण उलगडायच्या आधीच, अर्धवट गुंडाळलेल्या अवस्थेत एकमेकांना धरतात आणि जाळं सैल राहतं. पिवळ्या बलकातले सूक्ष्म कणही मिठानं सुटू लागतात, म्हणून ठेवलेलं मिश्रण जरा गडद आणि पारदर्शक दिसतं. चमचाभर दूध किंवा पाणी घातलं तर प्रथिनं विरळ होतात आणि धरण्याचं तापमान थोडं वर सरकतं. जास्त घातलं तर जाळ्याला तेवढं पाणी पेलत नाही. टोमॅटो घालायचा तर आधी परतून त्याचं पाणी आटवावं.

पॅनमध्ये लोण्याचा तुकडा टाकला की तापमापकाचं काम होतं. लोण्यात सुमारे १६ टक्के पाणी असतं. फेस येतोय तोवर ते पाणी उडतंय, लोणी १०० अंशांच्या आसपास आहे. फेस बसला की लगेच अंडं ओतावं. लोणी तपकिरी झालं असेल तर पॅन फार तापलंय. तळाशी धरलेला थर उलथन्यानं कडेकडून मध्ये ओढावा आणि वरचं पातळ मिश्रण मोकळ्या जागी वाहू द्यावं. झाकण ठेवलं तर अंड्यातूनच निघालेली वाफ वरच्या बाजूवर पुन्हा द्रव होते आणि तेव्हा सुटणाऱ्या उष्णतेनं वरचा थर न उलटता शिजतो.

खालून खमंग तपकिरी हवं असेल तर ती मायार अभिक्रिया, फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामिय मायार यांनी १९१२ मध्ये वर्णन केलेली. तिला वेग यायला १४० अंशांच्या आसपास तापमान लागतं, म्हणजे तेवढा थर कोरडा होणारच. आवड ज्याची त्याची.

कच्चं अंडं गिळल्यानं जास्त ताकद येते असं व्यायामशाळांमध्ये अजूनही सांगितलं जातं. बेल्जियममध्ये केलेल्या आणि १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शिजवलेल्या अंड्यातली सुमारे ९१ टक्के प्रथिनं पचली, कच्च्यातली फक्त ५१ टक्के. उलगडलेली साखळी पाचक रसांना तोडायला सोपी जाते, एवढं साधं कारण. कच्च्या अंड्यात साल्मोनेला जंतूचा धोका असतो तो वेगळाच. ७१ अंशांना तो मरतो, म्हणून आतपर्यंत धरलेलं मऊ ऑम्लेट सुरक्षित असतं. लहान मुलं, गरोदर स्त्रिया आणि वयस्कर माणसांना मात्र वाहतं ऑम्लेट देऊ नये.

घरच्यांसाठी करताना वरचा थर ओलसर चमकत असतानाच गॅस बंद करावा, घडी घालावी आणि मिनिटभर थांबावं. आतल्या उष्णतेनं उरलेलं काम होतं. ते डब्यात गरम कोंडून ठेवू नये. तिथे शिजणं चालूच राहतं आणि पांढऱ्यातलं गंधक पिवळ्यातल्या लोहाशी जुळून हिरवट छटा येते. ती अपायकारक नसते, पण तोवर ऑम्लेट वातड झालेलं असतं.