पांढरी एकपासून काळी एक किती लांब?

बियॉन्सेचं २०११ चं 'लव्ह ऑन टॉप' शेवटाकडे येतं तेव्हा ती तेच ध्रुवपद पट्टी चढवून पुन्हा गाते. मग परत चढवते. असं एकूण चार वेळा. पेटीवरच्या पांढऱ्या आणि काळ्या पट्ट्यांना सप्तकात डावीकडून क्रमांक असतात, आणि ज्या पट्टीवर सा धरला ती गाण्याची पट्टी. त्या भाषेत सांगायचं तर पांढरी एकमधलं गाणं काळी एक, पांढरी दोन, काळी दोन करत पांढरी तीनवर पोचतं. अशा जागेला 'काय आवाज वर नेला!' ही दाद हमखास मिळते. पण आवाज वर नेणं वेगळं आणि पट्टी बदलणं वेगळं. गायिका मंद्र सप्तकातून तार सप्तकात गेली तरी पट्टी तीच राहते, कारण 'सा' हललेला नसतो. पट्टी बदलते तेव्हा सा स्वतःच जागा सोडतो आणि बाकीचे सहा स्वर त्याच्यामागून सरकतात.

आता सा कुठे आहे हे कानाला कोण सांगतं? तानपुरा असेल तर प्रश्नच नाही, तो सतत सांगत असतो. म्हणूनच रागसंगीतात मैफल संपेपर्यंत षड्ज, म्हणजे सा, जागचा हलत नाही, हलवला तर तानपुऱ्याशीच भांडण. पण तानपुरा नसतानाही मेंदू सा शोधून काढतो. कॅरोल क्रमहान्सल या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७०-८० च्या दशकांत यावर फार सुरेख प्रयोग केले. श्रोत्यांना आधी काही स्वर ऐकवायचे, मग बारा स्वरांपैकी एकच सुटा स्वर वाजवायचा आणि विचारायचं, हा इथे कितपत शोभतो? सर्वाधिक गुण सा ला मिळाले, त्याखालोखाल पंचम (प) आणि गंधाराला (ग). त्या पट्टीच्या सात स्वरांबाहेरचे स्वर तळाला. म्हणजे गाणं ऐकताना आपण नकळत प्रत्येक स्वराला आतला की बाहेरचा ते ठरवत असतो.

खरी गंमत इथून पुढे आहे. पेटीवर पांढरी एक आणि काळी एक शेजारी शेजारी. कंपनसंख्येतला फरक सहा टक्क्यांहूनही कमी. तरीही ही उडी कानाला एवढी मोठी का वाटते?

पांढरी एकचं शुद्ध स्वरांचं सप्तक सगळंच्या सगळं पांढऱ्या पट्ट्यांवर वाजतं. आता काळी एकला सा मानून तेच सप्तक वाजवून बघा. पाचही काळ्या पट्ट्या लागतात आणि पांढऱ्यांपैकी फक्त दोन उरतात, पांढरी एक आणि पांढरी चार. सातपैकी पाच स्वर बदलले! उलट पांढरी पाच ही पट्टी घेतली, जी अंतराने कितीतरी लांब आहे, तर फक्त पांढरी चार जाते आणि तिच्या जागी काळी तीन येते. सहा स्वर तसेच.

याचं कारण स्वरांच्या खऱ्या नात्यात आहे, आणि ते नातं पंचमाचं. पांढरी चारपासून सुरुवात करून प्रत्येकाचा पंचम घेत चला: पांढरी चार, एक, पाच, दोन, सहा, तीन, सात. पांढऱ्या संपल्या की काळी तीन, एक, चार, दोन, पाच, आणि पुन्हा पांढरी चार. बारा स्वरांचं वर्तुळ पूर्ण. कुठलंही शुद्ध सप्तक म्हणजे या वर्तुळावरचे सलग सात स्वर. एक घर सरकलात तर एक स्वर गळतो, दोन घरं सरकलात तर दोन. पेटीवर शेजारी असलेली काळी एक या वर्तुळावर पांढरी एकपासून एका बाजूने सात घरं आणि दुसऱ्या बाजूने पाच घरं लांब आहे. कान अंतर मोजतो ते या वर्तुळावर.

एवढं कळलं की वेगवेगळ्या प्रकारची गाणी निराळीच ऐकू यायला लागतात. जॉनी कॅशचं १९५६ चं 'आय वॉक द लाइन' हे कंट्री गाणं जवळजवळ प्रत्येक कडव्याला पट्टी बदलतं, पण दरवेळी वर्तुळावर शेजारच्याच घरात जाऊन परत येतं. म्हणून ते दचकवत नाही. कडव्याआधी कॅश नव्या पट्टीचा सूर गुणगुणून घेतो, तेही गाण्याचाच भाग होऊन बसलंय. व्हिटनी ह्यूस्टनच्या १९९२ च्या 'आय विल ऑल्वेज लव्ह यू'मध्ये शांतता, ड्रमचा एक ठोका आणि पूर्ण स्वराची, म्हणजे दोन पट्ट्यांची उडी: जुन्या आणि नव्या पट्टीत पाच स्वर सामाईक. बॉन जोव्हीच्या १९८६ च्या 'लिव्हिन ऑन अ प्रेअर'चं शेवटचं ध्रुवपद तीन पट्ट्या वर जातं: चार सामाईक. मायकेल जॅक्सनचं 'मॅन इन द मिरर' अर्धाच स्वर चढतं, तेही नेमकं 'चेंज' या शब्दावर: फक्त दोन सामाईक. सगळ्यात लहान पाऊल सगळ्यात लांब पडतं. पाश्चात्त्य संगीतकार गाण्याच्या शेवटी येणाऱ्या अशा चढाला 'ट्रक ड्रायव्हरचा गिअर' म्हणून नाकं मुरडतात. आळशी संगीतकाराने तो वापरला तर मुरडावीतच, पण युक्ती म्हणून ती कमअस्सल आहे असं मला वाटत नाही.

हे वर्तुळ मी पूर्ण होतं म्हणालो, ते मात्र निसर्गतः होत नाही. शुद्ध पंचम म्हणजे कंपनसंख्या दीडपट. बारा वेळा दीडपट केलं की १२९.७५ येतात. सात सप्तकं चढलो, म्हणजे सात वेळा दुप्पट केलं, तर १२८. थोडक्यात हुकतं, पण हुकतं. शुद्ध गुणोत्तरांचं असंच हुकणं पट्टी बदलतानाही त्रास देतं. समजा सा २४० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला २४० कंपनं. शुद्ध गुणोत्तरांनी रे २७०, ग ३००, म ३२०, प ३६०, ध ४०० आणि नी ४५०. देखणे आकडे. आता रे ला सा करा. त्याचा पंचम हवा २७० ची दीडपट, ४०५. आपल्याकडे आहे ४००. दोन्ही एकत्र वाजले तर सेकंदाला पाच ठोके, म्हणजे आवाजाचे चढउतार, ऐकू येतील, आणि चालीत तो पंचम उतरलेला वाटेल. नवा रे हवा ३०३.७५, आहे ३००. म्हणजे एका पट्टीत गोड लावलेलं वाद्य दुसऱ्या पट्टीत बेसूर.

उपाय असा की चूक बारा जणांत सारखी वाटून टाकायची. प्रत्येक स्वर आधीच्याच्या सुमारे १.०५९५ पट; ही संख्या बारा वेळा स्वतःशी गुणली की बरोबर दुप्पट. चीनच्या झू झाइयू या राजपुत्राने १५८४ मध्येच हे गणित केलं होतं. या समान विभागणीत आपला ग ३०० ऐवजी ३०२.४ होतो, किंचित चढा. प मात्र ३५९.६, कानाला कळणारही नाही. कुठलीच पट्टी पूर्ण शुद्ध नाही, पण सगळ्या सारख्याच चालतात. आजचं बहुतेक लोकप्रिय संगीत याच तडजोडीवर उभं आहे.

या हर्ट्झवरून आठवलं. '४३२ हर्ट्झचं संगीत विश्वाशी जुळतं, ४४० चं मन बिघडवतं' असले व्हिडिओ फिरत असतात. ४४० हा फक्त सर्वांनी एकत्र वाजवता यावं म्हणून मधल्या सप्तकातल्या पांढरी सहासाठी ठरवलेला संकेत आहे. ४३२ म्हणजे त्याहून अर्ध्या स्वराचा जेमतेम तिसरा हिस्सा खाली. शिवाय हर्ट्झ म्हणजे दर सेकंदाला किती कंपनं, आणि सेकंद माणसाने ठरवलेला. विश्वाला त्याचं काय! अमुक पट्टी उदास आणि तमुक तेजस्वी हेही तसंच; समान विभागणीत प्रत्येक पट्टीतली गुणोत्तरं तंतोतंत एकच असतात. परिणाम होतो तो एका पट्टीतून दुसरीत जाण्याचा.

गेल्या काही वर्षांत मात्र गाण्यातली पट्टी फार बदलत नाही. हिप-हॉपचा डोलारा ताल, शब्द आणि पुन्हा पुन्हा येणाऱ्या एका तुकड्यावर असतो. त्याला सा हलवून फारसं मिळत नाही. नृत्यसंगीतातही एक गाणं सहसा एकाच पट्टीत राहतं. पट्टी बदलण्याचं काम तिथे डीजेकडे गेलंय. एक गाणं विरत असताना दुसरं आत आणायचं तर दोन्हींच्या पट्ट्या जुळायला हव्यात, म्हणून त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये हेच पंचमाचं वर्तुळ घड्याळासारखे आकडे घालून दिलेलं असतं. एरवी नियम असा की शेजारच्या आकड्यावरच जायचं. गर्दीला एकदम उसळवायचं असेल तेव्हा डीजे सात आकडे पुढे उडी मारतात. वर्तुळावरची सात घरं, म्हणजे पेटीवर एक पट्टी वर.