शंखाच्या टोकावरचं बालपण

जुन्या समुद्रतळाचा गाळ पाण्यात भिजवून अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून धुतला की मागे उरतं ते नुसत्या डोळ्यांना भरड वाळूसारखं वाटतं. ते वाळवून सूक्ष्मदर्शकाखाली पसरा. त्या वाळूत शंख दिसू लागतात. चिमट्यानं धरले तर चुरा होतो, म्हणून बारीक ब्रश ओला करून त्याच्या टोकाला चिकटवून एकेक उचलायचा.

त्यातला एक पाहू. लांबी जेमतेम ३ मिलिमीटर. निमुळता, मनोऱ्यासारखा, आठ वेढ्यांचा. प्रत्येक वेढ्यावर उभे कंगोरे आणि त्यांच्यामधल्या खाचांत केसाएवढ्या आडव्या रेघा. दोन वेढे जुळतात तिथली शिवण खोल गेलेली. तोंडाची बाहेरची कड, म्हणजे ओठ, थोडा तुटलेला. आणि वर टोकाला काचेसारखा गुळगुळीत मणी. हा मणी शंखाच्या रेषेत सरळ बसलेला नाही, टोपी वाकडी घालावी तसा एका अंगावर कललेला आहे.

हा कोण? पहिला मोह होतो तो चित्रांची पुस्तकं उघडून सारखा दिसणारा शंख शोधण्याचा. असे दहा-बारा सहज सापडतात, आणि तिथेच घोळ सुरू होतो. उंच मनोरा आणि उभे कंगोरे ही घडण समुद्री गोगलगायींच्या कितीतरी कुळांनी आपापली स्वतंत्रपणे कमावलेली आहे. आकार सारखा असला म्हणजे नातं जवळचं असतं असं नाही.

याच्या उलटही घडतं. उत्तर अटलांटिकच्या खडकाळ किनाऱ्यांवर लिटोरिना सॅक्सॅटिलिस नावाची गोगलगाय राहते. खेकड्यांचा वावर असलेल्या जागी तिचा शंख मोठा आणि जाड होतो. लाटांचा मारा असलेल्या खडकावर तीच प्रजाती लहान, पातळ, पण रुंद तोंडाची होते, कारण खडकाला धरून राहायला मोठा पाय लागतो आणि पाय मोठा तर तोंडही मोठं. या एकाच प्रजातीला आजवर शंभराहून अधिक शास्त्रीय नावं दिली गेली. जिवंत प्राणी हाताशी असताना ही गत, तर नुसत्या जुन्या शंखावरून नाव ठरवणाऱ्यानं किती जपून पाऊल टाकायला हवं!

आणखी एक प्रश्न आधीच विचारावा लागतो: हा प्राणी मुळातच लहान, की मोठ्या प्रजातीचं पिल्लू? शंख वाढतो तो तोंडाच्या कडेला नवा चुना चढवत, त्यामुळे पिल्लाचा शंखही सगळ्या बाजूंनी पुरा दिसतो. बऱ्याच प्रजातींत पूर्ण वाढ झाल्यावर ओठ जाड होतो, आतल्या बाजूला दाते येतात किंवा शेवटचा वेढा किंचित दिशा बदलतो. ही खूण मिळाली तर प्रश्न मिटला. आपल्या नमुन्याचा ओठच तुटलेला असल्यानं ती वाट बंद. मग त्याच थरातून लहानमोठे मिळतील तेवढे शंख गोळा करून रांगेत मांडायचे आणि वाढ कुठे थांबते ते पाहायचं.

आता त्या वाकड्या टोपीकडे येऊ. सगळ्या शंखात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हाच भाग. शंख आपलं जुनं अंग टाकून देत नाही. अंड्यात आणि अळीच्या अवस्थेत बनलेला इवलासा शंख टोकावर तसाच राहतो आणि पुढचं आयुष्य त्याच्याखाली वेढ्यावेढ्यानं जोडलं जातं. या टोकाला भ्रूणशंख म्हणतात. भ्रूणशंख कुठे संपतो आणि प्रौढ शंख कुठे सुरू होतो ती सीमाही बहुधा स्पष्ट दिसते: गुळगुळीतपणा थांबतो, एखादी रेघ येते आणि कंगोरे सुरू होतात. पोहणारी अळी तळावर उतरून गोगलगाय म्हणून जगू लागली, तो क्षण त्या रेघेत कोरलेला असतो.

काही गटांत अळीचा शंख आधी एका दिशेनं वळत जातो आणि प्रौढपणी दिशा उलटते. अक्ष फिरल्यामुळे जुना भाग नव्यावर आडवा पडल्यासारखा दिसतो. ही खूण हेटरोब्रँकिया नावाच्या मोठ्या शाखेत आढळते. बाकीच्या मनोऱ्यासारख्या शंखांचं टोक सरळ असतं, त्यामुळे या एका निरीक्षणानं दहा-बारा उमेदवारांपैकी बहुतेक गळून पडतात. उभे कंगोरे, खाचांतल्या रेघा आणि आडवं टोक एकत्र मांडलं की बोट पिरॅमिडेलिडी या कुळाकडे, त्यातही टर्बोनिला या वंशाकडे जातं.

आणि मग एक विलक्षण गोष्ट हाती येते. या कुळातल्या आजच्या गोगलगायी परजीवी आहेत. अन्न खरवडायला बाकी गोगलगायींना असते तशी दातेरी जीभ त्यांना नाही. त्याऐवजी सुईसारखं एक अंग असतं. ते समुद्री किड्यांच्या किंवा शिंपल्यांच्या अंगात खुपसून त्या रस शोषून घेतात. म्हणजे लाखो वर्षांपूर्वी मेलेला, मऊ शरीराचा मागमूसही न उरलेला हा प्राणी काय खात असावा, याचा अंदाज टोकाच्या कलण्यावरून बांधता येतो.

भ्रूणशंखात आणखीही वाचण्यासारखं असतं. अळी आठवडेच्या आठवडे समुद्रात पोहत, बारीक वनस्पती खात वाढली असेल तर भ्रूणशंखाला वेढे जास्त आणि सुरुवातीचा बिंदू लहान. अंड्यातल्या बलकावर पोसून थेट तळावर उतरली असेल तर वेढे एखाद-दीड आणि सुरुवात ठळक, फुगीर. यावरून प्रजाती किती दूर पसरू शकली असेल हे कळतं. थॉर हॅन्सन या जीवाश्म-अभ्यासकानं १९७८ मध्ये काही जुन्या गोगलगायींचा याच नजरेनं अभ्यास केला, तेव्हा पोहणाऱ्या अळ्यांच्या प्रजाती सरासरीनं जास्त काळ टिकल्याचं दिसलं. दूरवर पसरलेल्या प्रजातीला एखादा किनारा हातचा गेला तरी दुसरा उरतो.

पण हे टोक म्हणजे शंखाचा सर्वांत नाजूक भाग. लाटांत घासून, वाळूत लोळून आधी तेच झिजतं. शिवाय वस्तूचा पृष्ठभाग बारकाईनं दाखवणारे स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक बाजारात आले ते १९६५ च्या सुमारास. त्याआधीच्या अभ्यासकांना अर्ध्या मिलिमीटरच्या टोकावरची नक्षी नीट दिसणं अवघड होतं. त्यांनी हातच्या भिंगांनी जे काम केलं त्याबद्दल मला आदरच वाटतो, पण टोक तुटलेल्या नमुन्यांवर ठेवलेली त्यांची कित्येक नावं आज अधांतरी आहेत.

टिकण्याची दुसरी अडचण रसायनाची. गोगलगायींचा शंख मुख्यतः अ‍ॅरॅगोनाइटचा असतो, आणि हे खनिज सहज विरघळतं. पुष्कळ खडकांत शंख जाऊन फक्त आतल्या गाळाचा साचा उरतो. त्यावर ना नक्षी, ना टोक. याला सुंदर अपवाद म्हणजे पॅरिसच्या आसपासचे इओसीन काळातले थर. तिथल्या ग्रिन्यों या प्रसिद्ध जागेचे शंख चार कोटी वर्षांहून जुने, तरी मूळ खनिजासकट टिकलेले आहेत. अतिनील प्रकाशात काहींवरचे रंगांचे पट्टे आणि ठिपके पुन्हा उजळतात, आणि कंगोऱ्यांवरून वेगळ्या न करता येणाऱ्या प्रजाती ठिपक्यांवरून वेगळ्या होऊ शकतात. १८०२ पासून लामार्क या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञानं या शंखांची वर्णनं लिहिली. पुढे मॉरिस कॉसमन या रेल्वे अभियंत्यानं त्यांची भली मोठी सचित्र सूची केली.

नाव देण्याचा कायदा मात्र सगळ्या प्राण्यांना एकच. प्राण्यांच्या नावांची मोजणी १ जानेवारी १७५८ पासून धरतात, आणि एकाच प्रजातीला दोन नावं पडली असतील तर सहसा आधीचं टिकतं. प्रजातीचं नाव सहसा एका प्रत्यक्ष नमुन्याला बांधलेलं असतं; नाव देणाऱ्यानं स्वतःच असा एक नमुना ठरवला असेल तर त्याला होलोटाइप म्हणतात. वर्णन कितीही सुरेख असो, वाद झाला की संग्रहालयाचा खण उघडून तो शंख पाहावा लागतो. जुन्या लेखकांनी बऱ्याचदा मूठभर शंख समोर ठेवून एकच नाव दिलं. त्या मुठीत दोन प्रजाती निघाल्या, तर नंतरच्या अभ्यासकाला त्यातला एक निवडून नाव त्याच्याशी बांधावं लागतं.

मग एकाच शंखावरून नवी प्रजाती जाहीर करावी का? प्रशांत महासागरातल्या न्यू कॅलेडोनिया बेटाच्या किनाऱ्यालगत एका भागात, २९५ चौरस किलोमीटरांत, आजच्या समुद्रातले मृदुकाय, म्हणजे गोगलगायी-शिंपल्यांच्या गटातले, प्राणी कसोशीनं गोळा केले तेव्हा २,७३८ प्रजाती निघाल्या, आणि त्यातल्या सुमारे एक पंचमांश प्रजातींचा एकेकच नमुना मिळाला. दुर्मीळ असणं हीच जिथे रीत आहे, तिथे एका नमुन्यावर बंदी घालून चालणार नाही. तरी तो एक नमुना धड असावा, टोक आणि ओठ दोन्ही शाबूत असावेत, असं माझं ठाम मत आहे.

नाव देण्याइतकी खात्री नसेल तर शास्त्रात त्यासाठीही जागा आहे. ओळखीच्या प्रजातीच्या नावाआधी 'सीएफ.' लिहिलं की अर्थ होतो, हिच्याशी ताडून पाहा, बहुधा हीच. 'अफ.' म्हणजे हिच्या जवळची, पण ही नव्हे. आपल्या शंखाला यातलं काहीच लावता येत नाही. तो काळ्या कागदाच्या चौकटीत ठेवायचा आणि चिठ्ठीवर लिहायचं: टर्बोनिला, प्रजाती अनिश्चित. खाली थराचा क्रमांक, खोली, तारीख, आणि एक ओळ जास्तीची: टोक शाबूत, ओठ तुटलेला. मग त्याच थराची पुढची पिशवी भिजत घालायची.