राखणदाराला विडी

मालवणच्या दांडी किनाऱ्यावर दुपारी जाळी शिवत बसणारे एक आजोबा माझ्या चांगल्या ओळखीचे आहेत. रापण ओढायचं वय गेलं, पण हातातली सुई सुटलेली नाही. गेल्या मे महिन्यात त्यांच्याजवळ बसलो होतो, तेवढ्यात बाजूच्या पोरानं विडी शिलगावली. आजोबा मान वर न करता म्हणाले, "ओढ, ओढ. राखणदाराक पण येक ठेव."

आमच्याकडे राखणदाराला, म्हणजे गावाची राखण करणाऱ्या देवाला, नारळ देतात, रोट देतात, आणि विडी ठेवणारी माणसंही मी पाहिली आहेत. मला मात्र त्या क्षणी दुसरेच राखणदार आठवले. विडी ओढणारा प्रत्येक जण त्यांना विडी ठेवतच असतो, तीही थेट पोटात.

आपल्या फुप्फुसांत हवेचे कोट्यवधी इवले फुगे असतात, त्यांना वायुकोश म्हणतात. त्यांच्या आतल्या भिंतीवरून मॅक्रोफेज नावाच्या पेशी सरपटत गस्त घालतात. श्वासाबरोबर आलेली धूळ, बुरशीचे कण, जिवाणू, जे दिसेल ते गिळायचं आणि पचवायचं, हे त्यांचं काम. पेशी असं गिळतात हे प्रतिकाराचं साधन आहे, ही कल्पना एली मेचनिकॉफ या शास्त्रज्ञाला सुचली तीही समुद्रकाठीच. 1882 साली सिसिलीतल्या मेसिना गावी त्यानं तारामाशाच्या काचेसारख्या पारदर्शक पिल्लाच्या अंगात गुलाबाचा काटा टोचला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा! त्या कामासाठी 1908 साली त्याला नोबेल मिळालं, पॉल एर्लिखबरोबर विभागून.

आता धूर. सिगारेटच्या धुरात सात हजारांहून जास्त रसायनं सापडली आहेत आणि त्याचे कण एका मायक्रॉनपेक्षाही बारीक असतात. श्वासनळीतली लव हा कचरा वर ढकलते खरी, पण धूर त्या लवेलाच लुळं करतो. मग कण थेट तळाला, राखणदारांच्या पुढ्यात.

"सिगारेटनं प्रतिकारशक्ती कमी होते" हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकलंय की त्याचा अर्थच झिजून गेलाय. मला ते अर्धवटही वाटतं, कारण ओढणाऱ्याच्या फुप्फुसात मॅक्रोफेज कमी होत नाहीत, कित्येक पटींनी वाढतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशीही वाढलेल्याच असतात. फौज मोठी आहे. घोळ फौजेच्या अवस्थेत आहे.

तपासणीसाठी फुप्फुसाच्या एका भागात नळीतून मिठाचं पाणी सोडून परत ओढून घेतात, त्यात या पेशी येतात. न ओढणाऱ्याची पेशी सूक्ष्मदर्शकाखाली फिकट दिसते, पेजेवरच्या फेसासारखी. ओढणाऱ्याची पेशी फुगलेली असते, आणि तिच्या आत तपकिरी-काळे दाणे खच्चून भरलेले असतात. घावन चिकटून करपल्यावर बिडाच्या तव्यावर जे राहतं ना, तसा रंग. हे दाणे साठतात ते लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीच्या पोटात. जिवाणू त्या पोटात विरघळतो. डांबर आणि काजळी विरघळत नाही. एकदा गिळलं की ते तिथंच.

पोट असं भरलं की काय होतं, हे 2016 साली केंब्रिजमध्ये ललिता रामकृष्णन यांच्या गटानं फार सुंदर दाखवलं. (त्यांचं वैद्यकीय शिक्षण बडोद्याचं.) त्यांचा प्राणी होता झेब्राफिश, आपल्याकडच्या ओढ्यांत सापडणारा बोटाच्या पेराएवढा पट्टेदार मासा. त्याचं पिल्लूही पारदर्शक असतं, त्यामुळे आतली पेशी चालताना दिसते. ज्या माशांच्या मॅक्रोफेजची पोटं न पचलेल्या मालानं तुंबली होती, ते मॅक्रोफेज जागचे हलेनात. क्षयाच्या जंतूंकडे वेळेत पोचेनात. जंतू गिळून मेलेल्या पेशी उचलायच्या असतात, त्याही तशाच पडून राहिल्या, कुजल्या, आणि जंतूंना मोकळं रान मिळालं. मग या मंडळींनी धूम्रपान करणाऱ्या माणसांचे मॅक्रोफेज तपासले. तीच तऱ्हा: पोटात धुराचे कण आणि क्षयाच्या जंतूंकडे जाण्याची चाल मंद.

जगातल्या क्षयरोग्यांपैकी जवळपास चौथा हिस्सा भारतात आहे, आणि ओढणाऱ्याला क्षय होण्याची शक्यता सुमारे दुपटीनं जास्त असते. हे दोन आकडे एकत्र वाचले की तो मासा डोळ्यांसमोरून हलत नाही.

विडी म्हणजे सौम्य, ही समजूत आमच्या बंदरांवर अजून पक्की आहे. टेंभुर्णीच्या पानातून हवा आरपार जात नाही, म्हणून विडी पेटती ठेवायला सारखे आणि जोरात झुरके घ्यावे लागतात. तंबाखू थोडी, धूर भरपूर.

"पण दम कशान लागता?" या राखणदारांची गोष्ट ऐकून आजोबांनी विचारलं. याचं उत्तर त्यांच्या मांडीवरच पडलं होतं.

वायुकोशांच्या भिंतीत इलॅस्टिन नावाचे लवचीक धागे असतात. श्वास सोडताना फुप्फुस आपसूक आवळतं ते त्यांच्यामुळे. धुराची वर्दी मिळताच रक्तातून न्यूट्रोफिल नावाच्या पेशी धावत येतात. त्यांच्याजवळ इलॅस्टेज हे कातरीसारखं एन्झाइम असतं. कातर जंतूंसाठी, घरचे धागे कापू नयेत म्हणून तिला म्यानही असतं, अल्फा-1 अँटिट्रिप्सिन हे प्रथिन. धूर दोन्ही बाजूंनी मारतो. कातऱ्या वाढवतो आणि म्यान निकामी करतो: त्या प्रथिनात मेथिओनिन नावाची एक कडी मोक्याच्या जागी असते, तेवढीच ऑक्सिडीकरणानं बिघडली की ते कातरीला धरून ठेवू शकत नाही. मग धागे तुटत जातात. बारीक आसाच्या (छिद्रांच्या) जाळ्याचे चार-चार आस मिळून एकेक मोठं भोक व्हावं, तसे वायुकोश एकमेकांत मिसळतात. हवा आत मावते, पण प्राणवायू घ्यायला भिंतच उरत नाही. डॉक्टर याला एम्फिसीमा म्हणतात. म्हणजे जाळं फाडतात ते बरेचसे आपलेच लोक.

बाकी नुकसानाची यादी लांब आहे. कर्कपेशी टिपणाऱ्या नॅचरल किलर पेशी मंदावतात. काहींची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर उलटते आणि संधिवात जडतो. आणि एक लबाड प्रकार: ओढणाऱ्याच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं, म्हणून आत दातांभोवतीचं हाड झिजत असलं तरी हिरड्या ठणठणीत वाटतात.

आजोबा सुई थांबवून म्हणाले, "माका सोडून सात वर्सां झाली. मगे माजे राखणदार साफ झाले काय?"

प्रश्न साधा, उत्तर सरळ नाही. मेचनिकॉफनं पुढं पॅरिसच्या ज्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये आयुष्य घालवलं, तिथूनच 2024 साली एक अभ्यास आला. एक हजार निरोगी लोकांचं रक्त घेऊन त्यात जंतूंचे अंश घातले आणि पेशी काय उत्तर देतात ते मोजलं. ओढणाऱ्यांमध्ये दाह भडकवणारं पहिलं उत्तर जास्तच तिखट होतं. सोडलेल्यांमध्ये ते लवकर ताळ्यावर आलेलं दिसलं. पण शिकणाऱ्या आणि आठवण ठेवणाऱ्या टी आणि बी पेशींच्या बाजूचा बदल सोडल्यावरही वर्षानुवर्षं टिकून होता. डीएनएवर मिथाइलच्या छोट्या खुणा चिकटतात, जनुक तेच राहतं, पण कुठलं किती वाचायचं ते बदलतं. त्या खुणा सावकाश पुसल्या जातात.

एवढं सगळं मी त्यांना सांगितलं नाही. म्हटलं, भडका विझलाय, खुणा पुसल्या जातायत, पण फाटलंय किती ते फुंकून घेतल्याशिवाय कळणार नाही. यंत्रात जोरात फुंकायचं असतं, पाच-दहा मिनिटांचं काम.

"होडये वर काडले की जावया," ते म्हणाले. पावसाळ्यासाठी होड्या वर काढतात त्या एक जूनला आठवडा होता. मग विडीवाल्या पोराकडे बघून, "ह्येका पण घेवया. बघूया कोणाचा जाळा जास्त फाटलाहा ता."