दुखणं खरं की सोंग? ‘ऑल्स वेल’ कादंबरीची पार्श्वभूमी

मोना अवाड या कॅनडात जन्मलेल्या लेखिकेची ‘ऑल्स वेल’ ही कादंबरी २०२१ साली आली. मिरांडा फिच ही एकेकाळची नटी रंगमंचावरून पडते. दुखणं जडतं ते जातच नाही, संसार मोडतो, आणि एका कॉलेजात नाटक शिकवत ती गोळ्यांवर दिवस ढकलते. तिला शेक्सपिअरचं ‘ऑल्स वेल दॅट एंड्स वेल’ बसवायचंय, विद्यार्थ्यांना मात्र ‘मॅकबेथ’ हवंय.

मिरांडाचा हट्ट उगाच नाही. १६२३च्या फोलिओत, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या मोठ्या संग्रहात, पहिल्यांदा छापलेलं हे नाटक मुळात एका सौद्याचं आहे. राजाला नासूर झालाय, वैद्यांनी हात टेकलेत. वैद्याची अनाथ मुलगी हेलेना जिवाची पैज लावून त्याला बरं करते आणि मोबदल्यात पसंतीचा नवरा मागून घेते. तिने निवडलेल्या बर्ट्रामला ती नको असते, पण राजाज्ञेपुढे त्याचं काय चालणार? गोष्ट इटालियन लेखक बोकाचिओच्या ‘डेकॅमेरॉन’ या कथासंग्रहातली. नाटकाला सुखान्त म्हणतात. मला ते कधीच तसं वाटलं नाही. दुखणं दूर करता येणं ही सत्ता आहे, आणि हेलेना ती पुरेपूर वापरते.

दुसरा धागा अमेरिकेतला. फिलाडेल्फियाचे डॉक्टर सायलस वेअर मिचेल यांनी यादवी युद्धात गोळ्या लागलेल्या सैनिकांच्या नसांच्या वेदना बारकाईने नोंदल्या. कापलेला पाय दुखतो, असं सांगणाऱ्यांना त्यांनी वेडं ठरवलं नाही. पुढे याच मिचेलनी ‘नाजूक’ मनाच्या बायकांसाठी विश्रांतीचा उपचार रूढ केला: पडून राहायचं, भरपूर दूध प्यायचं, वाचन-लेखन बंद. लेखिका शार्लट पर्किन्स गिलमन १८८७मध्ये त्यांच्याकडे गेली. तिचा आजार बाळंतपणानंतरच्या खिन्नतेचा, अंगदुखीचा नव्हे. पण जन्मभर लेखणीला हात लावू नकोस, असं त्यांनी बजावल्याचं तिनेच पुढे लिहिलं. त्यातून १८९२ची ‘द यलो वॉलपेपर’ ही कथा आली. त्यात डॉक्टर आणि नवरा एकच माणूस आहे! मिरांडाला धीर देत, मान डोलावत, आतून कंटाळलेले पुरुष याच घराण्यातले.

डोकेदुखीसाठी इंग्रजीत शब्दच नाहीत, अशी तक्रार इंग्रज लेखिका व्हर्जिनिया वुल्फने १९२६मध्ये केली होती. (मराठीत तिची थोडी सोय झाली असती: कळ, चमक, सणक, ठणका, ठसठस.) १९७५मध्ये मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेल्झॅक यांनी अशाच शब्दांची प्रश्नावली केली, म्हणजे रुग्णाचं सांगणं मोजमापात आलं. १९७९मध्ये वेदना-अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने केलेल्या व्याख्येत, शरीराला इजा दिसली नाही तरी वेदना ही वेदनाच, याला जागा मिळाली. कागदावर, अर्थात. दवाखान्यात ‘रिपोर्ट तर नॉर्मल आहेत’ हे वाक्य अजून टिकून आहे.

अवाडने स्वतः हे भोगलंय. मुलाखतींत ती त्याबद्दल बोलली आहे. तरीही तिने नायिकेला नुसती बिचारी ठेवलं नाही, हे मला विशेष वाटतं. पबमध्ये भेटलेल्या तीन विचित्र पुरुषांमुळे – मॅकबेथच्या चेटकिणींचीच ही जात – मिरांडाला आपली वेदना दुसऱ्याच्या अंगात ढकलता येऊ लागते. बंडखोर विद्यार्थिनी ब्रिआना खंगत जाते, आणि ठणठणीत झालेल्या मिरांडाला वाटतं, ही पोरगी सोंग करतेय.